देवाची वकिली आणि वाणीचे इमान

ईयोबाची कथा आपल्याकडे सत्त्वपरीक्षेची कथा म्हणून सांगितली जाते आणि हरिश्चंद्राच्या शेजारी तिला बसविले जाते. ही तुलना सोयीची खरी. परंतु ग्रंथाचे मर्म तिने झाकले जाते. हरिश्चंद्र सोसतो आणि मौन पाळतो. ईयोब सोसतो आणि बोलतो. 42 अध्यायांच्या त्या ग्रंथाचा बहुतेक भाग बोलण्यानेच व्यापलेला आहे. ईयोब देवाला जाब विचारतो. एलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे तीन मित्र देवाचा पक्ष घेऊन त्याला उत्तरे देतात. दुःख आहे त्या अर्थी पाप असलेच पाहिजे, कारण देव अन्याय करीत नाही, हे त्यांचे सूत्र. त्यांचे एकेक वाक्य सुटे काढून पाहिले तर त्यात धर्मबाह्य असे काही आढळत नाही. असे असूनही अखेरीस वावटळीतून देव बोलतो तेव्हा तो आपल्या वकिलांवर रुष्ट होतो. आपल्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोब, हे तिघे नव्हेत, असा निर्णय तो देतो.

धर्मवाङ्मयाच्या इतिहासात या निर्णयाइतका अनपेक्षित निर्णय क्वचितच सापडेल. देवाच्या बाजूने खोटे बोलणे हा देवाचाच अपराध ठरतो आणि देवाविरुद्ध खरे बोलणे ही देवाची सेवा ठरते. तेराव्या अध्यायात ईयोबाने मित्रांना आधीच हटकले आहे : देवासाठी तुम्ही असत्य बोलणार काय, त्याचा पक्षपात करणार काय, असा त्याचा आशय. पक्षपातासाठी तेथे मूळ हिब्रूत जी शब्दयोजना आहे तिचा शब्दशः अर्थ ‘तोंड उचलणे’ असा होतो. समोरच्याचे तोंड पाहून न्याय करणे हा तिचा भाव. आणि मराठीत ‘तोंडदेखला’ हा शब्द जणू तिच्याचसाठी घडलेला आहे. देवाविषयीसुद्धा तोंडदेखले बोलू नये, ही त्या प्राचीन कवीची मागणी आहे.

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना हीच मागणी निकष म्हणून पुढे ठेवावी, असे मला वाटते. या निकषाची दोन अंगे आहेत. आपल्याला जेवढे दिसले, पटले, अनुभवाला आले तेवढेच बोलणे हा प्रामाणिकपणा. दुसऱ्याच्या देवाविषयी, दुसऱ्याच्या श्रद्धेविषयी बोलताना त्याला ओळखू येईल असे त्याचे चित्र काढणे हा न्याय. ख्रिस्ती परंपरेत शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये अशी आज्ञा आहे. शेजाऱ्याच्या देवाविरुद्धची खोटी साक्ष तिच्यातून वगळली आहे, असे कोठेही म्हटलेले नाही. आपल्या दार्शनिक परंपरेने हाच न्याय ‘पूर्वपक्ष’ या नावाने शास्त्रार्थाची अट म्हणून घालून दिला. प्रतिपक्ष्याचे मत त्याला स्वतःला मांडता येईल तितक्याच समर्थपणे आधी मांडावे आणि मग खंडनास हात घालावा. दुबळा पूर्वपक्ष उभा करून मिळविलेला विजय हा शास्त्रार्थ नव्हे.

आपल्या टीकेने मात्र या वाङ्मयाला हा निकष लावलेला नाही. तिने दोन सोपे मार्ग पत्करले. ‘प्रचारी’ असा शिक्का मारून ते बाजूस ठेवणे हा एक, आणि त्याच्या भाषासेवेची वाखाणणी करून त्याच्या आशयाकडे पाठ फिरविणे हा दुसरा. पहिला मार्ग उघडच अन्यायाचा आहे. दुसरा अधिक सभ्य दिसतो म्हणून अधिक फसवा आहे.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे उदाहरण पाहावे. 1579 साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील चार ओव्या आपल्याला शाळेपासून पाठ असतात. उरलेल्या दहा हजारांहून अधिक ओव्यांत हा कवी देवाविषयी काय बोलतो, हे मराठीचे किती प्राध्यापक सांगू शकतील? आपली भाषा गोड आहे असे एका परकीयाने म्हटले, एवढ्यावर आपण संतुष्ट झालो. त्या माणसाने आयुष्य वेचले ते मराठीच्या गोडीसाठी नव्हे. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणावे काय, सैतानासाठी ‘देवचार’ हा लोकांच्या तोंडचा शब्द चालेल काय, ओवीच्या घाटात सुवार्ता ओतली तर ती सुवार्ता राहील काय, असले प्रश्न त्याला सोडवावयाचे होते. ते भाषेचे प्रश्न होते आणि त्याच वेळी ईश्वरशास्त्राचेही होते.

न्यायाची दुसरी बाजूही येथेच सांगितली पाहिजे. ज्या साष्टीत हे पुराण रचले गेले, तेथील देवळे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाडली गेली होती आणि नवदीक्षितांना जुनी पुराणे वाचण्याची मनाई होती. पुराणाच्या आरंभीच्या संवादातच ही मनाई उच्चारली गेली आहे. जुनी पुराणे तुम्ही आमच्यापासून काढून घेतलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला काय देता, अशा अर्थाची पृच्छा तेथे श्रोत्याकडून होते. काव्याने आपल्या जन्माचे हे कारण लपविले नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा होय. ज्या सत्तेने ती मनाई केली तिच्याविषयी ते काव्य मौन पाळते, ही त्याची मर्यादा होय. दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात मांडता आल्या पाहिजेत. पुढे 1629 साली आलेल्या एतिएन द ला क्रुआ यांच्या सेंट पीटरवरील पुराणाशी तुलना केली असता स्टीफन्स यांचा संयम अधिकच उठून दिसतो. कारण या दुसऱ्या ग्रंथाने येथील धर्ममतांचे खंडन हा आपला हेतू शीर्षकातच जाहीर केला आहे.

एकोणिसाव्या शतकात वादाचे क्षेत्र बदलले. मुंबईत 1831 साली जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला. 1857 साली विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी आठवड्यांमागून आठवडे वाद घातला. या दुसऱ्या वादाची इंग्रजी हकीकत प्रतिपक्षी जॉर्ज बोवेन यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केली. मराठी पुस्तक 1872 साली निघाले, तेव्हा विष्णुबुवा हयात नव्हते. वादाची हकीकत कोण लिहितो हा प्रश्न वादात कोण जिंकले या प्रश्नाहून महत्त्वाचा आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे लिहून घेणारा हात प्रतिपक्षाचा असला, तर त्या हाताच्या इमानावरच सारे अवलंबून राहते. अनुवादकाला हे वेगळे सांगावे लागत नाही. त्याचा सारा व्यवसाय दुसऱ्याचे म्हणणे लिहून घेण्याचा आहे.

याच काळातील संस्कृत वादाचे उदाहरण अधिक बोलके आहे. जॉन म्यूर यांनी 1839 साली ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ संस्कृत श्लोकांत लिहिला. त्याचा घाट गुरुशिष्यसंवादाचा. असल्या संवादात शिष्य नेमके तेच विचारतो ज्याचे उत्तर गुरूजवळ तयार असते. म्हणजे पूर्वपक्ष दिसावयास आहे, पण तो गुरूच्या मुठीत आहे. त्याला पंडितांकडून उत्तरे आली. त्यांत 1844 साली एका एकोणीस वर्षांच्या तरुणाने काशीत लिहिलेला ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ होता. तो तरुण म्हणजे नीळकंठ गोरे. जीवाला अनंतकाळ नरकात ठेवणाऱ्या देवाला दयाळू कसे म्हणावे, हा त्याचा एक आक्षेप होता. चार वर्षांनी, 1848 साली, याच नीळकंठाने जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला आणि तो नेहेम्या गोरे झाला.

येथपर्यंतची कथा मिशनऱ्यांच्या विजयाची म्हणून सांगितली जाते. पुढची सहसा सांगितली जात नाही. गोरे यांच्या शंका बाप्तिस्म्याने मिटल्या नाहीत. आयुष्यभर त्यांनी त्यांची पाठ पुरविली आणि गोऱ्यांनीही त्या दडविल्या नाहीत. 1860 साली त्यांनी हिंदीत ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिला. त्याची रचना जुन्या शास्त्रीय शिस्तीची आहे : आधी दर्शनाचे म्हणणे, मग खंडन. त्यातील खंडन मला सर्वत्र पटत नाही. वेदान्ताविषयी ते अनेकदा उतावळे झाले आहेत असेच वाटते. परंतु ज्याचे खंडन करावयाचे ते नीट जाणणाऱ्या माणसाचे हे लेखन आहे, आणि ज्याला स्वतःच्या नव्या मतांविषयीही झोप लागत नव्हती अशा माणसाचे आहे. अशा माणसाचे खंडन वाचताना प्रतिपक्ष्याचा अपमान होत नाही.

याच गोऱ्यांच्या पत्रांनी पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्तधर्मस्वीकाराला मोठे साहाय्य केले, असे रमाबाईंनी स्वतः नमूद केले आहे. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरची त्यांची पत्रे हा माझ्या मते मराठी माणसाच्या हातून देवाविषयी झालेल्या प्रामाणिक लेखनाचा एक उत्तुंग नमुना आहे. ती इंग्रजीत लिहिलेली आहेत म्हणून मराठी टीकेने ती परकी मानू नयेत. सिस्टर जेराल्डीन यांनी संकलित केलेला हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 साली प्रसिद्ध केला.

परिस्थिती ध्यानात घ्यावी. रमाबाई पंचविशीतल्या, विधवा, लहान मुलीसह परदेशी, अन्नवस्त्रासाठी ज्यांच्यावर अवलंबून त्याच भगिनीमंडळाच्या उपदेशाच्या छायेत. कृतज्ञता हा सद्गुण असला तरी तो सत्याचा गळा आवळू शकतो. पोषण करणाऱ्याला आवडेल ते बोलण्याचा मोह अशा वेळी केवढा असेल, हे सांगावयास नको. आणि तरीही त्रैक्याचा सिद्धान्त आपल्याला बायबलात दिसत नाही, येशूच्या देवत्वाविषयी चर्च सांगते ते सर्व आपल्याला पटलेले नाही, असे त्यांनी निःसंकोचपणे लिहिले. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसऱ्याचे जोखड मानेवर घेण्यास आपण तयार नाही, असाही त्यांचा भाव आहे. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. आपल्या देवाशी आपण न समजणाऱ्या भाषेत बोलावयाचे आणि तीच अधिक पवित्र मानावयाची, हे संस्कृतच्या पंडितेने नाकारावे आणि नाकारताना संस्कृतचेच नाव घ्यावे, यातील गंमत रमाबाईंच्याही ध्यानात आली असेल. परंतु मुद्दा गंभीर होता. वाणी आपली नसली तर साक्षही आपली राहत नाही.

जेराल्डीन यांनी यात अहंकार पाहिला. त्यांच्यावर राग धरणे सोपे आहे. न्याय करणे कठीण आहे. ज्या पत्रांत आपली बाजू उणी दिसते ती पत्रेही त्यांनी जपली आणि संग्रहात ठेवली, हे विसरता येत नाही. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी वेगळी भूमिका घेतली. त्यांनी रमाबाईंच्या शंकांना उद्धटपणा न मानता प्रश्न मानले आणि शिक्षिकेच्या धीराने उत्तरे दिली. ईयोबाला तीन मित्रांऐवजी एक बील लाभली असती, तर त्याचा ग्रंथ पुष्कळच आटोपशीर झाला असता.

रमाबाईंच्या बाबतीत अन्याय मात्र दोन्हीकडून झाला. मायदेशी 1889 साली त्यांनी शारदा सदन काढले. 1893 साली तेथील मुलींच्या धर्मांतराच्या संशयावरून वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. त्या वेळी पालकांना वाटलेली भीती निराधार होती असे मी म्हणणार नाही. संस्थेच्या धार्मिक तटस्थतेविषयी प्रश्न विचारण्याचा त्यांना अधिकार होता. परंतु त्या वादानंतर मराठी समाजाने या बाईच्या विचारांकडे कित्येक दशके जो कानाडोळा केला, तो प्रश्न विचारण्याच्या अधिकारात बसत नाही. ‘बाटली’ या एका शब्दात पूर्वपक्ष संपविण्यात आला. चर्चला त्या हट्टी वाटल्या, समाजाला परक्या. दोघांनाही त्यांचे म्हणणे पुरते ऐकण्याची गरज वाटली नाही.

रमाबाईंच्या आयुष्याचे अखेरचे मोठे काम होते बायबलच्या भाषांतराचे. त्यासाठी त्या ग्रीक आणि हिब्रू शिकल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमधील स्त्रियांनी खिळे जुळवून ते छापले. 1922 साली रमाबाई गेल्या त्यापूर्वी नुकतेच काम पुरे झाले होते; संपूर्ण ग्रंथ 1924 साली बाहेर आला. प्रचलित मराठी बायबल सामान्य बायकांना समजत नाही आणि त्यातील संस्कृत संज्ञा आपल्याबरोबर दुसऱ्याच दर्शनांचे अर्थ घेऊन येतात, ही त्यांची तक्रार होती. जिने संस्कृतावर ‘सरस्वती’ ही पदवी मिळविली तिने संस्कृत टाकून साधी मराठी धरावी, हा केवळ शैलीचा निर्णय नव्हता. शब्दाचा उसना भारदस्तपणा देवाच्या पदरात टाकू नये, असा तो निर्णय होता. तो सर्वस्वी यशस्वी झाला असे नाही. तिचे बायबल फारसे रूढ झाले नाही, आणि अर्थाच्या अतिकाटेकोरपणापायी वाक्य ठेचाळते अशी ठिकाणे त्यात आहेत. परंतु अपयशातही प्रामाणिकपणाची जात कळते.

होसकोटे येथे राहून मराठीत लिहिणाऱ्याला हा शब्दांचा प्रश्न रोजच्या व्यवहारात भेटतो. हे गाव एके काळी शहाजीराजांच्या बेंगळूरच्या जहागिरीत होते. मराठी येथे तेव्हापासून आहे, पण ती कन्नडच्या शेजारात राहते. कन्नडात देवाला ‘देवरु’ म्हणतात. रूप बहुवचनाचे, अर्थ आदराचा. मराठीत ‘देव’ एकवचनी, आणि त्याला हाक मारावयाची ती ‘तू’ म्हणून. आईला आणि विठोबाला एकाच सर्वनामाने पुकारणाऱ्या भाषेला देवाशी भांडणे सोपे जाते. हिब्रूत उत्पत्तीच्या पहिल्याच वाक्यात देवासाठी आलेला ‘एलोहीम’ हा शब्द रूपाने बहुवचनी आहे आणि त्याचे क्रियापद एकवचनी. जुन्या कन्नड बायबलात ‘देवरु’ या आदरार्थी रूपालाही एकवचनी क्रियापद जोडलेले आढळते. म्हणजे हिब्रूतील ती विसंगती कन्नडात आपोआप उतरली, मराठीत मात्र ती उतरविताच येत नाही. उलट, इंग्रजी भाषांतरकार आपल्या देवाला मोठे अक्षर देतो आणि दुसऱ्याच्या देवाला लहान. लिपीच त्याच्यासाठी निवाडा करून टाकते. देवनागरीत मोठे अक्षर नाही. तिच्यात यहुद्यांचा देव आणि कनानी लोकांचा देव एकाच ठशात छापावे लागतात. लिपीने मराठी अनुवादकावर न्यायाची सक्तीच केली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

ही सक्ती चुकविण्याच्या वाटा आहेत, आणि त्यांपैकी एका वाटेने मी स्वतः गेलेलो आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका संकलनासाठी गेल्या शतकापूर्वीच्या एका मिशनरी पत्रिकेचे भाषांतर मी केले. मुळात आपल्या देवदेवतांना उद्देशून तुच्छतेचे शब्द होते. मी ते सौम्य केले. ‘खोट्या देवां’चे ‘अन्य देव’ झाले, एका कठोर विशेषणाची जागा ‘रूढ’ या निरुपद्रवी शब्दाने घेतली. भाषांतर सर्वांना आवडले; कोणाचेच मन दुखावले नाही. कित्येक दिवसांनी मूळ पुन्हा वाचताना माझ्या ध्यानात आले की मी तिघांवर अन्याय केला आहे. लेखक होता त्याहून सभ्य ठरला. म्हणजे त्याच्या नावावर मी खोटी साक्ष दिली. ज्यांनी त्या काळी त्याला संतापून उत्तरे दिली ते पंडित विनाकारण चिडके दिसू लागले. आणि ज्या वाचकाला दोन्ही बाजू तोलावयाच्या होत्या, त्याच्या तराजूला मी बोट लावले. हेतू सलोख्याचा होता. ईयोबाच्या मित्रांचा हेतूही वाईट नव्हता.

सलोखा असत्यावर उभा राहत नाही, हे तत्त्व उच्चारण्यास सोपे आहे. आज ते पाळणे अधिक अवघड झाले आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ 2010 साली आले आणि त्याला साहित्य अकादेमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. 2020 साली उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा ते धर्मगुरू आहेत एवढ्यावरून त्यांच्या निवडीला विरोध झाला. 2024 साली ते निवर्तले. त्यांच्या भाषांतराची वाक्यागणिक चिकित्सा करण्याचा अधिकार प्रत्येक टीकाकाराला आहे, आणि तशी चिकित्सा पुरेशी झालेली नाही. झाला तो विरोध आणि झाला तो गौरव. दोहोंनीही ग्रंथ उघडण्याचे श्रम वाचविले.

या निकषावर एक आक्षेप संभवतो, आणि तो दुबळा नाही. भक्त देवाविषयी बोलतो तेव्हा तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा नसतो. त्याची वाणी स्तुतीची असते, आणि स्तुतीला अतिशयोक्ती स्वभावतःच लाभलेली आहे. कायद्याच्या पुराव्याचे माप स्तोत्राला लावणे म्हणजे फुलाचे वजन करणे होय. आक्षेप मान्य करूनही असे म्हणता येईल की स्तुतीलाही तिचे असे सत्य असते, आणि ते भक्ताच्या अवस्थेशी इमान राखण्यात असते. बायबलातील स्तोत्रसंहितेत आनंदाच्या गीतांइतकीच विलापाची गीते आहेत; देवाने तोंड फिरविले, तो झोपला, त्याने विसर पाडला, असा आक्रोश त्यांत आहे, आणि संपादकांनी तो गाळला नाही. आपल्या संतवाणीतही भांडण भक्तीचाच एक प्रकार म्हणून राहिले. जनाबाईने विठ्ठलावर रोष धरला, तुकोबांनी त्याच्याशी कडाक्याचा वाद घातला. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताजवळ आलो असे रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत, त्याचा एक अर्थ मला असा वाटतो की देवाशी खरे बोलण्याचे धडे त्यांनी देहूत घेतले आणि ते चर्चमध्ये विसरले नाहीत. 1917 साली मिशनचे वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ मांडण्याचा त्यांचा निर्णय त्याच धड्याला धरून होता.

आणि टिळकांहूनही मोठे उदाहरण त्यांच्या घरातच आहे. 1895 साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी लक्ष्मीबाईंनी घेतला. या काळाची कथा ‘स्मृतिचित्रे’त येते. धर्मांतरिताच्या आत्मकथेचा एक साचा असतो : पूर्वायुष्य अंधाराचे, पुढचे प्रकाशाचे. बाबा पदमनजी यांनी 1888 साली आत्मवृत्ताला ‘अरुणोदय’ हे नाव दिले, त्यातच तो साचा सूचित झाला आहे. लक्ष्मीबाईंनी तो मोडला. त्यांच्या पूर्वायुष्यातही प्रकाश आहे आणि नंतरही स्वयंपाकघरातला धूर आहे. सोवळ्याचे हट्ट त्या स्वतःच्याच फजितीच्या गोष्टी म्हणून सांगतात, पण ज्यांनी त्यांना ते सोवळे शिकविले त्यांची कुचेष्टा करीत नाहीत. नवऱ्याच्या धर्मांतराने माहेर-सासर कसे पोळले हे त्या लपवीत नाहीत, आणि त्यासाठी नवऱ्याला किंवा त्याच्या देवाला दोषीही ठरवीत नाहीत. जातिभेद मनातून गळून पडल्याची हकीकत त्या सांगतात ती घरगुती विचाराच्या ओघात. तेथे व्याख्यान नाही. देवाविषयी त्या फार थोडे बोलतात. जे बोलतात त्यातले एकही वाक्य उसने वाटत नाही. चारशे वर्षांच्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयात प्रामाणिकपणा आणि न्याय यांची इतकी सहज गाठ दुसरीकडे पडलेली मला दिसत नाही. आणि ईश्वरशास्त्राचा एकही ग्रंथ न लिहिणाऱ्या बाईच्या हातून ती पडली, हे विचार करावयास लावणारे आहे.

मग टीकाकाराने करावयाचे काय? त्याने देवाची वकिली करू नये आणि देवाविरुद्धची फिर्यादही चालवू नये. ते काम त्याचे नाही. लेखकाने देवाविषयी जे म्हटले ते त्याने खरोखर पाहिले आहे की पाठ केले आहे, आणि प्रतिपक्षाचे चित्र प्रतिपक्षाला ओळखू येईल काय, हे दोन प्रश्न त्याने विचारावेत. स्टीफन्स यांच्या उरलेल्या ओव्यांना ते विचारावेत, पदमनजींना विचारावेत, विष्णुबुवांनाही विचारावेत. कारण न्यायाची मागणी एकाच धर्माकडे करणे हा पुन्हा पक्षपातच होईल. हे प्रश्न विचारल्यास मराठी ख्रिस्ती वाङ्मयातले पुष्कळसे गळून पडेल. जे उरेल ते आपल्या वाङ्मयाच्या मुख्य प्रवाहात सन्मानाने बसविता येईल, आणि त्यासाठी कोणाच्या भाषाप्रेमाचा दाखला जोडावा लागणार नाही.

ईयोबाच्या ग्रंथाचा शेवट निर्णयावर होत नाही. देव त्या तीन मित्रांना यज्ञ करावयास सांगतो आणि त्यांच्यासाठी ईयोबाने प्रार्थना करावी असे ठरवितो. खोटी वकिली करणाऱ्यांना क्षमा मिळते ती ज्याच्यावर त्यांनी अन्याय केला त्याच्याच शब्दाने. सौम्य केलेल्या त्या पत्रिकेचे भाषांतर मी पुन्हा मुळाबरहुकूम करून ठेवले आहे. त्यातील कठोर शब्द आता जागच्या जागी आहेत, आणि त्याखाली त्या काळच्या पंडितांची उत्तरेही, तितक्याच कठोर शब्दांत.